धुवणाचं पाणी

शुक्रवार, २८ नोव्हेंबर १९९७

प्रिय भार्गवी,

तुझं पत्र मिळून अकरा दिवस झाले. तू मागितलेले आकडे आधी देतो, म्हणजे बाकीचं लिहायला मोकळा होईन. द्राक्षबागेच्या चार ओळींवर नेहमीचं मोरचूद-चुन्याचं पाणी मारलं होतं आणि चार ओळींवर आपली काळी भुकटी. पाऊस उघडल्यावर दोन्हीकडची शंभर-शंभर पानं उलटून पाहिली. मोरचूद-चुन्याच्या ओळींत एकोणचाळीस पानांवर दावण्या निघाला. दावण्या म्हणजे तुमच्या पुस्तकातला केवडा. पानावर तेल सांडल्यासारखा पिवळा डाग आणि खाली पांढरी लव. आपल्या ओळींत सहाच पानं निघाली, आणि औषध निम्म्याहून कमी लागलं. कोवळी पानं करपली नाहीत, घोसही गळले नाहीत. म्हणजे तू म्हणत होतीस ते खरं निघालं. कण जितका बारीक तितका तो पानाला धरून बसतो, बुरशीला शिरायला जागा ठेवत नाही. पंधरा दिवसांपूर्वी हे आकडे निघाले असते तर मी ओढ्यापलीकडं ऐकू जाईल असा ओरडलो असतो. काल काढले, वहीत लिहिले आणि वही मिटून जेवायला बसलो.

दुसरी बातमी अशी की आज्याची मेंढरं मेली. बावीसपैकी सतरा. आणि परवा रविवारी, अमावस्येला, बिरोबाच्या देवळापुढं पंचांकडून दादासोचा निकाल लागणार आहे, कारण ती त्यानं विष घालून मारली असं गावाला वाटतंय. त्यानं मारलेली नाहीत. मला हे पक्कं ठाऊक आहे, आणि माझं कुणी ऐकत नाही.

आज्या म्हणजे हरिबा, माझ्या वडिलांचे वडील. तुला सांगितलं होतं बघ, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे. गुडघे गेल्यापासून जात नाहीत. मोठा कळप विकला आणि बावीस ठेवली. वडील म्हणाले, तेवढी तरी कशाला? तर म्हणाले, "तुमच्यासंगं काय बोलायचं असतंय रं? तेवढीच आपली बोलाय." मागच्या मंगळवारी सकाळी त्यातली दोन उठली नाहीत. डोळ्यांतला पांढरा भाग हळद लावल्यासारखा पिवळा, आणि मूत कोऱ्या चहासारखं काळपट तांबडं. दुपारपर्यंत पाच गेली, शनिवारपर्यंत सतरा. आज्या एकेकीला नावानं हाक मारून उठवायला बघत होते. गुरुवारपासून त्यांनी हाका मारणं सोडून दिलं. पुरायला खड्डा मी खणला. हाताला फोड आले, फुटले, पहारीला रक्त लागलं. ते मला पहारीवर दिसलं तेव्हा कळलं. दुखत नव्हतं. अजूनही दुखत नाही, पण पेन धरताना बोटं नीट मिटत नाहीत, म्हणून अक्षर असं आलंय.

दादासो आमच्या भावकीतला, त्याचं रान आमच्या बांधाला लागून. ऑक्टोबरात आज्याची मेंढरं त्याच्या शाळूत शिरली होती. शाळू नुकता वर आलेला, वीतभर. त्यानं चावडीपुढं सगळ्यांदेखत सुनावलं, "म्हाताऱ्या, पुन्यांदा रानात दिसली तर एक बी माघारी यायची न्हाई." रागात असं सगळेच बोलतात आणि दुसऱ्या दिवशी तंबाखू मागायला येतात. तोही आला होता. पण सतरा मेंढरं मेल्यावर त्याचं तेवढंच बोलणं गावाला आठवलं, आणि आठवण करून देणारा पहिला माणूस मी. शनिवारी सरळ त्याच्या दारात गेलो, गळा धरला आणि कानाखाली वाजवली. त्याचा पटका मातीत पडला. त्याची पोरगी मंगल उंबऱ्यात उभी होती, हाताला बाजरीचं पीठ. तिची सुपारी फुटलीय, पुढच्या महिन्यात लग्न आहे. दादासोनं मला उलटं मारलं नाही. पटका उचलला, झटकला आणि म्हणाला, "कालिजात हुतास न्हवं? आधी इचारायचं, मंग मारायचं, एवढं बी शिकीवलं न्हाई व्हय तितं?" माझ्यामागं दहाजण होते. ते माझ्या बाजूनं ओरडले. मंगलच्या सासरच्यांनी आता निरोप धाडलाय, रविवारचा निकाल कळू द्या, मग अक्षतांचं बघू. निकाल उलटा गेला तर दादासोच्या घरचं पाणी कुणी पिणार नाही, आणि हे लग्न तर मोडलंच.

तू म्हणशील, हा तोच बिरदेव. हो, तोच. जुलैतला कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तो दिवस मला सारखा आठवतोय. आपण केलेला काळा साका कागदातून गाळायला घेतला होता आणि खाली काळपट पाणी येत होतं. सर म्हणाले, कागद फाटलाय, पुन्हा कर. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी म्हणाले, "या हातांना हे जमायचं नाही. तू आपली मेंढरं हाक." मागच्या बाकांवर हसले. मी नसराळं भिंतीवर फोडलं आणि दप्तर न घेता निघालो. साताऱ्याच्या भर पोवई नाक्यापर्यंत तू मागून पळत आलीस, तो डागांचा पांढरा कोट अंगात तसाच. लोक बघत होते. तू म्हणालीस, "परत चल. माफी माग, आणि मग आपण दाखवून देऊ." मी म्हणालो, तूही सोड कॉलेज, चल माझ्याबरोबर. काय बोलत होतो मी! वाईच्या तुझ्या घरी त्या दिवशी मेथांबा करायला तुझी वाट बघत होते आणि मी तुला कवठेमहांकाळच्या गाडीत बसवायला निघालो होतो. तू आली नाहीस म्हणून तीन महिने तुला एक ओळ लिहिली नाही.

आणि तू त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेच्या खिडक्या लावून त्या गाळलेल्या पाण्यातून टॉर्चचा झोत सोडलास. चांगल्या पाण्यातून झोत जाताना दिसत नाही. त्या पाण्यात तो दुधाच्या रेघेसारखा दिसला. म्हणजे कागद फाटलेला नव्हता, कण कागदातूनच निघून जात होते इतके बारीक होते. तू ते सरांना दाखवलंस, आणि ऑक्टोबरात मला पूर्ण कृती लिहून पाठवलीस. खाली लिहिलं होतंस, "आता तरी राग सोड." राग मी त्याच मिनिटाला सोडला. ते पत्र किती दिवस खिशात होतं ते सांगत नाही, घड्यांवर फाटलंय. पण राग सोडला हे तुला कळवायच्या आधी मी मोरचूद आणायला सांगलीला पळालो. म्हटलं, आधी बाग वाचवून दाखवतो, मग ऐटीत पत्र लिहितो.

कृती तुझ्याप्रमाणंच केली. पातेल्यात मोरचुदाचं पाणी, त्यात कॉस्टिक सोडा थेंबाथेंबानं. निळा साका धरतो, चुलीवर तापवला की काळा होतो. मग तो सात वेळा धुवायचा. तू धुवायचीस तेव्हा ओठांतल्या ओठांत पाणी मोजायचीस, मधे कुणी बोललं तर पहिल्यापासून. मी मुद्दाम बोलायचो. वरचं पाणी तू एका निराळ्या बाटलीत ओतायचीस आणि बाटलीवर लाल पेन्सिलीनं 'विष' लिहिलेलं असायचं. कृतीतसुद्धा तू सहाव्या ओळीत लिहिलं होतंस, धुवणाचं पाणी मोरीत किंवा ओढ्यात टाकू नये, वेगळं ठेवावं. मी ती ओळ वाचली. आभाळ भरून आलं होतं, फवारणी उरकायची घाई होती. घरात ओरडून सांगितलं, "ह्ये पानी कुनी टाकू नका रं." का टाकायचं नाही ते बोललो नाही.

आमच्या घरात पाणी टाकू नका असं कुणाला सांगावं लागत नाही, भार्गवी. गेले तीन उन्हाळे टँकरमागं घागरी घेऊन पळालेलं घर आहे हे. यंदा पाऊस झाला तरी ती सवय गेलेली नाही. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भांड्यांचं शेवग्याला, आंघोळीचं पपईला. टाकायचं नाही म्हणजे कुणाच्या तरी उपयोगी पडायचं. मी दर चार दिवसांनी भुकटी करत होतो आणि दर वेळी सात बादल्या पाणी निघत होतं. रात्रभर निवळलं की वरून स्वच्छ, जरासं धुरकट. ते मेंढरं पाणी पितात त्या दगडी डोणीत गेलं. महिनाभर जात राहिलं.

मला हे सोमवारी समजलं. प्यायला आता पाचच राहिली होती, म्हणून डोणी घासायला घेतली. तळाला काळी मऊ साय बसलेली. बोट फिरवलं तर बोट काळं झालं, आणि मातीनं घासलं तरी रेषांमधून निघेना. हात असा काळा फक्त भुकटी धुताना व्हायचा. मी तिथंच डोणीवर बसलो. जाड कण खाली बसतात, ते भुकटीत राहतात. सगळ्यात बारीक असतात ते बसतच नाहीत, ओतलेल्या पाण्याबरोबर निघून जातात. म्हणजे आपलं सगळ्यात चांगलं औषध द्राक्षांवर पडलंच नव्हतं. मंगळवारी सांगलीला गेलो. गुरांच्या औषधांच्या दुकानात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, ते उभ्यानं वाचलं. मोरचुदात असतं ते तांबं मेंढीला सोसत नाही. तिच्या यकृतात ते साठत राहतं, महिना-दीड महिना काही दिसत नाही, आणि मग एकदम डोळे पिवळे, मूत काळं, दोन दिवसांत खेळ संपतो. शेळीला मात्र त्याच्या कितीतरी पट सोसतं. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "घ्यायचं नसंल तर खाली ठेवा, पानं मळत्यात." ठेवलं.

बुधवारी पंचांपुढं जाऊन सांगितलं, मेंढरं माझ्या भुकटीच्या पाण्यानं मेली, दादासोचा काही संबंध नाही. बिराप्पा नावाचे थोरले पंच आहेत, त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आरं लेकरा, त्येच औषिद तू द्राक्षावर मारलंस. ती द्राक्षं आमी खानार. मंग आमी बी मरतू काय?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "आन् त्या डोणीत तुमची दोन शेरडं बी तोंड घालत्यात की. ती जित्ती कशी? तुझं पानी काय त्वांड बघून मारतंय व्हय?" मी शेळीचं आणि मेंढीचं निराळं असतं ते सांगितलं. म्हणाले, पुस्तक दाव. कुठून दाखवू? दादासो कोपऱ्यात बसला होता. मला वाटलं तो तरी माझी बाजू घेईल, त्याच्याच भल्याचं होतं. तर म्हणाला, "शनवारी ह्यो सांगत हुता मी मारली. आज सांगतोय पान्यानं मारली. उद्या आनी काय सांगंल. ह्येच्या जिभंवर कोन इस्वास ठेवनार?" बरोबरच बोलला. मग बिराप्पांनी मिटवलं, "कुनी शिकल्याला, सरकारी शिक्क्याचा मानूस लिहून देत आसंल तर आण, वाचू. न्हाईतर ऐतवारी हाय ते हाय." मी चिडलो नाही. एरवी असं हसल्यावर मी काय केलं असतं तुला माहीत आहे. नुसता उठलो, चपला घातल्या, त्याही दुसऱ्या कुणाच्या तरी. अर्ध्या वाटेत ध्यानात आलं, आणि तसाच घरी गेलो.

आता जे अजून कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो. डोणी रोज माझी आई भरायची. अंजना तिचं नाव, मी तुला कधी सांगितलं नव्हतं बहुतेक. पंचांपुढचं माझं बोलणं तिनंही गावासारखंच खरं मानलेलं नाही. काल दुपारी मी आकडे लिहीत होतो तेव्हा ती शेंगा फोडत शेजारी येऊन बसली आणि आपणहून म्हणाली, "बिरू, मेंढरं तापली तवा मी त्यास्नी हिरीचं पानी दिलंच न्हाई बघ. तुझंच पाजलं. उकळल्यालं हुतं, म्हनलं बाधायचं न्हाई. लय तान लागली हुती रं त्यास्नी." त्या चार दिवसांत तिनं एकेकीचं तोंड मांडीवर घेऊन वाटीवाटीनं ते पाणी पाजलं. आज्यांनी तिला सगळ्यांपुढं म्हटलंय, "पोरी, तुझ्यामुळं पाच ऱ्हायली." माझ्या आठवणीत आज्यांनी तिला बरं म्हटल्याची ही पहिलीच वेळ. ती ते सांगताना लाजली. मी म्हणालो, "ब्येस केलंस." आणि पुढचा आकडा लिहिला. डोणीत जी काळी साय होती ती मी धुऊन टाकलीय, तिला कशाची म्हणून काही सांगितलेलं नाही.

तेव्हा हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते लिहितो. शिरवळला तुझे काका गुरांचे सरकारी डॉक्टर आहेत. उद्या सकाळी पहिल्या गाडीनं त्यांच्याकडे जा आणि शिक्क्याच्या कागदावर मराठीत लिहून घे की तांब्यानं मेंढी मरते, शेळी मरत नाही, डोळे पिवळे आणि मूत काळं होतं ते त्यानंच. हे पत्र आज रात्रीच आमच्या गावचे एक कंडक्टर तुला हॉस्टेलवर आणून देतील. उद्या दुपारी तेच सातारा स्टँडवरून परत निघतात, कागद त्यांच्याच हाती दे. तेवढ्यानं दादासो सुटेल. पण कागद वाचून झाला की पंच पुढचं विचारणार, डोणी कोण भरायचं? म्हणून काकांना आणखी एक ओळ लिहायला सांग, की हे पाणी विषारी आहे असं बिरदेवला आधीच बजावलं होतं, आणि माहीत असून डोणीत त्यानंच ओतल्याचं त्यानं कबूल केलंय. आई त्यावर काही बोलणार नाही. शिक्का असलेलं खोटं असेल असं तिला वाटायचंच नाही. ती समजेल की तिच्या आधी मी ओतत होतो, आणि तिनं पाजलं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. काका खोटं लिहिणाऱ्यांतले नाहीत, तेव्हा त्यांनाही खरं सांगू नकोस. कंटाळ्यानं ओतलं म्हणावं. तुझ्या घरात मला बरं म्हणणारे ते एकटेच. पोरगा तापट आहे पण हात जपून वापरतो, असं म्हणाले होते ना ते? संक्रांतीला तू त्यांच्याकडे आपल्या लग्नाचा विषय काढणार होतीस. तो आता काढू नकोस. हा काढ.

तुझाच,
बिरदेव